वॉर्डात आधी काय? शासकीय रुग्णालयांच्या प्रशासकांना एका निवृत्त परिसेविकेचे खुले पत्र

प्रति,
शासकीय रुग्णालयांतील वॉर्डांच्या कामाबाबत परिपत्रके काढणारे, ती राबवणारे आणि त्यांची तपासणी करणारे सर्व अधिकारी

विषय : श्वासमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण हा परिचारिकेच्या कामाचा अग्रक्रम प्रशासनाने मान्य करण्याबाबत आणि वॉर्डाची व्यवस्था त्याप्रमाणे लावण्याबाबत

महोदय / महोदया,

एका शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात लावलेले एक कार्यालयीन पत्र वाचल्यामुळे मला हे लिहावे लागत आहे. प्रत्येक पाळीच्या परिचारिकेने वॉर्डातील सर्व रुग्णांच्या नोंदी संगणकात भरून पूर्ण केल्याखेरीज पुढच्या पाळीला ओव्हर, म्हणजे रुग्णांचा ताबा, देऊ नये, आणि नोंदी अपूर्ण आढळल्यास तिच्याकडून खुलासा मागवून वेतनकपात करण्यात येईल, असे त्या पत्रात स्पष्ट लिहिले होते. रुग्णाचा श्वास मोजायचा राहिला, सक्शन (घशातला स्राव यंत्राने ओढून काढणे) करायचे राहिले, सलाइन संपून गेले, तर काय करावे याविषयी मात्र त्यात किंवा शेजारी लावलेल्या इतर कोणत्याही पत्रात एक ओळ नव्हती. रुग्णालयाचे नाव मी मुद्दामच देत नाही. नाव दिले की चौकशी त्या एका वॉर्डाची होते, दोन-तीन परिचारिकांना नोटिसा जातात आणि विषय मिटतो. अशा आशयाची पत्रे इतरही ठिकाणी लागतात, हे मला सेवेतील सहकाऱ्यांकडून सतत कळत असते.

माझी सारी नोकरी शासकीय रुग्णालयांत झाली. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून सुरुवात केली आणि पुरुष वैद्यकीय कक्षाची परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) म्हणून निवृत्त झाले. सेवेत असताना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांची मर्यादा असल्याने शासनाच्या कारभारावर जाहीरपणे लिहिणे शक्य नव्हते. आज ज्या मुली आणि मुले पाळ्या करतात त्यांच्यावरही तीच मर्यादा आहे, म्हणून त्यांच्या वतीने मी लिहीत आहे. दुसरे कारण घरचे आहे. गेल्या पावसाळ्यात माझे धाकटे दीर फुफ्फुसांच्या जुनाट विकाराने (सीओपीडी) त्याच रुग्णालयात दाखल होते आणि रात्री त्यांच्याजवळ मी थांबत होते. जन्मभर खाटेच्या ज्या बाजूला उभी राहिले, तिच्या दुसऱ्या बाजूला बसून वॉर्ड पाहण्याची ही पहिलीच वेळ होती.

ज्यांनी वॉर्डात काम केलेले नाही त्यांच्यासाठी क्रमाचा मुद्दा थोडक्यात सांगते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून आम्हाला शिकवले जाते की रुग्ण कोणत्याही आजाराचा असो, त्याच्याजवळ गेल्यावर आधी श्वासमार्ग मोकळा आहे का ते पाहायचे, मग तो पुरेसा श्वास घेतो आहे का ते पाहायचे, आणि मग नाडी, रक्तदाब, त्वचेचा रंग, हातापायांची ऊब, रक्तस्राव हे पाहायचे. बाकी सर्व त्यानंतर. या क्रमामागे वेळेचा साधा हिशेब आहे. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून किंवा उलटी घशात अडकून श्वासमार्ग पूर्ण बंद झाला, तर मेंदूला इजा होण्यास चार ते सहा मिनिटे पुरतात. श्वासमार्ग मोकळा पण श्वास अपुरा असेल तर थोडा अधिक अवधी मिळतो. रक्तस्राव बहुधा त्याहून थोडा जास्त अवधी देतो, पण तो वाहता आणि मोठा असेल तर आधी दाबून धरावाच लागतो. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णासाठी २०१० पासून हा क्रम बदलला आहे, तिथे आधी छातीवर दाब द्यायचा, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, हेही आम्हाला ठाऊक आहे. वॉर्डातले बहुसंख्य रुग्ण मात्र श्वास घेत असलेले आणि हळूहळू बिघडत जाणारे असतात. त्यांच्यासाठी जुना क्रम आजही तसाच लागू आहे, आणि तो पाळला तर पुष्कळदा छाती दाबण्याची वेळच येत नाही.

आपल्या राज्यातील दोन प्रकारच्या रुग्णांचे उदाहरण देते, कारण कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यांत ज्यांनी पाळ्या केल्या त्यांना यापेक्षा वेगळे काही सांगावे लागत नाही. पहिला, कीटकनाशक पोटात गेलेला किंवा फवारताना अंगावर आणि श्वासात गेलेला रुग्ण. २०१७ च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले तेव्हा या विषबाधेची चर्चा राज्यभर झाली, पण त्याआधी आणि त्यानंतरही हे रुग्ण येतच राहिले आहेत. ऑर्गनोफॉस्फरस प्रकारच्या कीटकनाशकाची बाधा झालेल्या रुग्णाच्या तोंडातून फेस येत असतो, छातीत घरघर असते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात आणि नाडी मंदावलेली असते. तो स्वतःच्याच स्रावात बुडत असतो. त्याला कुशीवर वळवून सक्शन करणे आणि ऑक्सिजन लावणे हे परिचारिकेचे पहिले काम. डॉक्टर अॅट्रोपिन हा उतारा सुरू करतात, दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत नेतात, आणि छाती मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर गेली का, हे प्रत्येक वेळी परिचारिकेलाच पाहावे लागते. पुढे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, रुग्ण बोलू लागला, घरचे निश्चिंत झाले, अशा वेळी मानेचे स्नायू दुबळे पडतात आणि पाठोपाठ श्वासाचे स्नायू. रोज प्रत्येक पाळीत त्याला उशीवरून डोके उचलायला सांगणे, एवढी ती तपासणी आहे. डोके उचलता आले नाही तर लगेच डॉक्टरांना कळवायचे. या तपासणीला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. परिचारिका खाटेजवळ असावी लागते.

दुसरा रुग्ण मण्यार चावलेला. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, चावा अनेकदा दुखत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे तो पोटात दुखते म्हणून किंवा डोळे उघडत नाहीत म्हणून येतो. पापण्या जड झालेल्या असतात, लाळ गिळता येत नाही, आवाज बदललेला असतो. प्रतिविष सुरू झाले तरी श्वास दुबळा पडत जाण्याचा धोका राहतो. अशा रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला सांगायचे. मघाशी तो वीसपर्यंत गेला होता आणि आता बारावर थांबला, तर पुढे काय होणार हे समजायला रक्ताच्या तपासणीची वाट पाहावी लागत नाही. मात्र मघाशी आणि आता या दोन्ही वेळी त्याच्याजवळ कोणीतरी असावे लागते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार टीपीआर चार्टची, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या तक्त्याची आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. कोणत्याही मोठ्या शासकीय वॉर्डातील टीपीआर चार्ट काढून पाहावेत. ताप वेगवेगळा दिसेल, नाडी वेगवेगळी दिसेल, पण श्वासाच्या रकान्यात वीस, वीस, वीस असे उतरत गेलेले दिसेल; कधी मध्येच अठरा. माझ्या दिरांच्या चार्टवरही त्या रात्री वीसच होते. मी घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिटभर त्यांच्या छातीची हालचाल मोजली तेव्हा ती ३२ भरली. ते खाटेच्या कडेला पाय सोडून, हात गुडघ्यांवर टेकून बसले होते आणि एका वाक्यात तीन शब्दांपलीकडे बोलत नव्हते. मी सिस्टरांना बोलावले. त्या तत्काळ आल्या, त्यांनी बोटाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब लावून पाहिले, दोन लिटरवर ऑक्सिजन सुरू केला, डॉक्टरांना फोन करून नेब्युलायझर दिले. अशा जुनाट विकारात ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ च्या दरम्यान राखायची असते, अंदाधुंद वाढवायची नसते, हे त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला समजावूनही सांगितले. त्यांच्या ज्ञानात काहीच कमी नव्हते. मी बोलावले तेव्हा त्या संगणकासमोर बसून, आपल्या पत्राचे पालन करत होत्या.

त्या रात्री ४० खाटांच्या वॉर्डात ५३ रुग्ण होते आणि रात्रपाळीला एक अधिपरिचारिका, एक विद्यार्थिनी आणि एक मावशी. श्वासाची गती पूर्ण मिनिटभर मोजायची असते, म्हणजे एका फेरीत नुसते श्वास मोजायला ५३ मिनिटे हवीत. एका रुग्णाची संगणकातील नोंद तीन मिनिटांची धरली तर तिला दोन तास एकोणचाळीस मिनिटे लागतात. दोन्ही कामे एकटीला पूर्ण करता येत नाहीत, हे मान्य केल्यावर प्रश्न एवढाच उरतो की कोणते सोडायचे. आपल्या पत्राने त्याचे उत्तर वेतनकपातीच्या भाषेत देऊन टाकले आहे. मग श्वासाच्या रकान्यात वीस लिहिले जाते. ती नोंद संगणकातही वीसच चढते, आणि तपासणीत ती पूर्ण म्हणून गणली जाते. रुग्णाची प्रकृती ढासळत असल्याची खूण श्वासाच्या गतीत बहुधा सर्वांत आधी दिसते, रक्तदाब पडण्याच्या कितीतरी आधी. आणि नेमका तोच आकडा आपल्याकडे कल्पनेने भरला जातो.

दुसरी तक्रार कुलुपाची. अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी), लॅरिंगोस्कोप (घशात नळी घालताना आत पाहण्याचे उपकरण), फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारे उपकरण), पल्स ऑक्सिमीटर या वस्तू परिसेविकेच्या नावावर जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत चढवलेल्या असतात. एखादी हरवली तर वसुली तिच्या पगारातून होते, किंवा निवृत्तीच्या वेळी ना-देय दाखला अडतो. परिणामी ती वस्तू कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते आणि जनरल ड्यूटी संपल्यावर किल्ली कधी परिसेविकेच्या पर्समधून घरी जाते, कधी एखाद्या डब्यात ठेवलेली असते जो फक्त जुन्या स्टाफला माहीत असतो. मी स्वतः परिसेविका होते, त्यामुळे या भीतीला हसत नाही. नळीच्या तोंडाला बसणारा एक फ्लोमीटर गेला तर खुलासा लिहावा लागतो, हा अनुभव सगळ्यांनी घेतलेला आहे. पण रात्री दोन वाजता श्वास थांबलेल्या माणसाजवळ उभी असलेली नवी मुलगी किल्ली शोधत असेल, तर त्या माणसाची चार मिनिटे आपल्या लेखा नियमांत खर्च होत आहेत. वसुलीचा नियम वस्तू जपतो हे खरे, पण जपलेली अंबू बॅग वापरता येत नसेल तर ती जपून काय साधते, याचे उत्तर लेखा शाखेने द्यावे.

तिसरी तक्रार यंत्रांच्या दुरुस्तीची. सूचनाफलकाच्या खालीच एक सक्शन मशीन उभे होते आणि त्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी होती, चिठ्ठीची शाई उडालेली. दुसरे चालू होते, पण त्याच्या बाटलीच्या झाकणाचे रबर सैल झाल्याने ओढ पुरेशी येत नव्हती. सिस्टर एका हाताने झाकण दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने कॅथेटर फिरवत. प्रौढ माणसाच्या घशात सक्शन दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त करायचे नसते, कारण त्या काळात त्याचा ऑक्सिजनही ओढला जातो. ओढ कमी असलेल्या मशीनने त्या दहा सेकंदांत काही निघत नाही. त्या रबराची किंमत किती असेल याची आपणच चौकशी करावी. दुरुस्तीचा अर्ज, बायोमेडिकल इंजिनिअरची भेट, देखभाल कराराची मुदत, निर्लेखनाचा (वस्तू बाद करण्याचा) प्रस्ताव हा प्रवास खुर्चीला आणि सक्शन मशीनला एकच लागू आहे. पायाने चालवायचे सक्शन पूर्वी प्रत्येक वॉर्डात असे. वीज गेली तरी ते चालते. ते आता स्टोअरमध्येही सापडत नाही.

ऑक्सिजनविषयी वेगळे लिहायची गरज पडू नये अशी माझी इच्छा होती. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्या वर्षी ठिकठिकाणी टाक्या आल्या, प्रकल्प उभे राहिले, भिंतींवर नळ्या फिरल्या. नळ्या आहेत. पण पॉइंटला फ्लोमीटर नाही, म्हणून खाटेशेजारी पुन्हा सिलिंडर उभा. सिलिंडर आहे तर चावी एकच आणि ती शेजारच्या वॉर्डात गेलेली. रेफर करताना, म्हणजे रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवताना, तर साधे गणितही केले जात नाही. लहान बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो पूर्ण भरलेला असेल तर अडीच तास पुरतो. वैद्यकीय महाविद्यालय तीन तासांवर आहे, वाटेत पाऊस आहे, रस्ता खोदलेला आहे. १०८ ची रुग्णवाहिका उपलब्ध असेल तर प्रश्न बराच सुटतो. ती दुसऱ्या फेरीवर असेल आणि रुग्णालयाची गाडी काढावी लागली तर सिलिंडर किती भरला आहे हे निघण्याआधी तपासून लिहून देणे हे कोणाच्याच कर्तव्यसूचीत नाही.

मनुष्यबळाबाबत थोडक्यात लिहिते, कारण त्याची निवेदने आपल्याकडे गठ्ठ्यांनी पडून आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, शिवाय रजेसाठी तीस टक्के राखीव पदे. ५३ रुग्णांमागे एक हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. त्या एकीकडेही डाएटची यादी, धोब्याचे कपडे मोजणे, औषधांचे इंडेंट (मागणीपत्र), योजनांच्या कागदांच्या झेरॉक्स आणि रेफर झालेल्या रुग्णासोबत गाडीत बसून जाणे, ही कामे असतात. ती गाडीत बसली की वॉर्डात कोण, हे मी विचारत नाही. आपल्याला ठाऊक आहे.

प्रसूतिपश्चात कक्षाची परिस्थिती मला सेवेतील मैत्रिणी सांगतात. बाळंतिणीचे रक्त ५०० मिलीलिटरच्या वर गेले की तो अतिरक्तस्राव; पण तरुण बाईचे शरीर बराच वेळ सावरून धरते. नाडी वाढत जाते, हातपाय गार पडतात, ती बेचैन होते, आणि रक्तदाब मात्र सुमारे तीस टक्के रक्त जाईपर्यंत ठीक दिसू शकतो. केवळ रक्तदाबाचा रकाना भरून पुढे जाणाऱ्या फेरीत ही बाई सुटून जाते. पॅड पाहणे, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का ते चाचपणे, नाडी मोजणे, हे पहिल्या दोन तासांत पुन्हा पुन्हा करायचे असते. संगणकाच्या पडद्यावर त्याला रकानाच नाही, असे मैत्रिणी सांगतात.

आणखी एक, जी तक्रार परिचारिकांची नसून रुग्णांची आहे. अपघात विभागाच्या दारात आजही नातेवाईकाला "आधी केसपेपर काढून आणा" असे सांगितले जाते, आणि विषबाधा किंवा अपघात असेल तर पोलिस केसची नोंद होईपर्यंत हात लावावा की नाही, अशी चलबिचल होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की जीव वाचवण्याचे उपचार कायदेशीर सोपस्कारांसाठी थांबवता येत नाहीत. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात, शासकीय रुग्णालयाने वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग ठरतो, असा निर्णय झाला. या निर्णयांची प्रत खिडकीवरच्या कारकुनाला कोणी दिली आहे का? दिली असती तर दाराशी स्ट्रेचरवर घरघरणाऱ्या माणसाच्या मुलाला रांगेत उभे राहावे लागले नसते.

ओव्हरच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवे. खाट क्रमांक एकपासून शेवटपर्यंत ओव्हर दिली जाते, त्यामुळे ३८ नंबरवरच्या अत्यवस्थ रुग्णापर्यंत पोहोचायला अर्धा तास जातो आणि तोवर दोन्ही पाळ्यांचे लक्ष मलेरियातून बरे होऊन डिस्चार्जची वाट पाहणाऱ्याकडे असते. हे आम्ही आतल्या आत सुधारू शकतो, पण खाटा मांडण्याचा आणि ओव्हर नोंदवहीचा नमुना वरून ठरलेला असतो.

आपल्या बाजूने येणारे उत्तर मला अंदाजाने माहीत आहे. नोंदी नसतील तर न्यायालयात रुग्णालयाची आणि परिचारिकेचीही बाजू पडते, औषधांचा हिशेब लागत नाही, साथीची माहिती वेळेत कळत नाही. हे सर्व मला मान्य आहे. मी स्वतः नोंदींच्या बाबतीत कडक परिसेविका म्हणून ओळखली जात असे आणि माझ्या हाताखालच्या मुलींनी त्यासाठी माझ्यावर रागही धरला आहे. नोंद हवीच. पण जी नोंद रुग्णाला न पाहता भरली जाते ती न्यायालयातही कोणाला वाचवत नाही. उलट, ज्या रुग्णाचा श्वास मृत्यूच्या अर्ध्या तास आधीपर्यंत वीस होता असे कागद सांगतो, त्याच्या मृत्यूचा खुलासा करणे कोणत्याही वकिलाला अवघड जाईल. दुसरे उत्तर प्रशिक्षणाचे असेल. प्रशिक्षण झाले आहे, प्रमाणपत्रेही आहेत. मूलभूत जीवनरक्षण प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची मुदत साधारणतः दोन वर्षे असते, आणि सरावाचा पुतळा प्रशिक्षण सभागृहात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो, कारण तोही कोणाच्यातरी नावावर आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

नोंदी अपूर्ण राहिल्यास वेतनकपात करण्याची तरतूद असलेली सर्व कार्यालयीन पत्रे मागे घ्यावीत, आणि त्याऐवजी असा लेखी आदेश काढावा की पाळीत एकाच वेळी अनेक कामे समोर आल्यास श्वासमार्ग, श्वसन व रक्ताभिसरण यांसंबंधीचे काम आधी केले जाईल आणि त्यामुळे इतर नोंद उशिरा झाल्यास परिचारिकेवर कारवाई होणार नाही. संगणकातील नोंदीसाठी प्रत्येक मोठ्या वॉर्डाला डेटा एंट्री ऑपरेटर द्यावा. परिचारिका तपासेल आणि सही करेल.

अंबू बॅग, एअरवे (जीभ मागे पडू न देणारी तोंडातली नळी), लॅरिंगोस्कोप, सक्शन, फ्लोमीटर, सिलिंडरची चावी आणि प्रोब या वस्तू आणीबाणीच्या उघड्या ट्रॉलीवर ठेवण्याचा आदेश द्यावा, त्यांना वैयक्तिक वसुलीच्या नियमातून वगळावे आणि हरवणे-मोडणे धरून दरवर्षी ठरावीक प्रमाणात त्यांची भरपाई आपोआप व्हावी. ट्रॉली प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तपासून सही व्हावी. नादुरुस्त सक्शन मशीन आणि ऑक्सिजनची उपकरणे यांच्या दुरुस्तीची मुदत ४८ तासांपेक्षा जास्त नसावी आणि तोवर पर्यायी यंत्र द्यावे. प्रत्येक वॉर्डात पायाने चालणारे एक सक्शन असावे.

टीपीआर चार्टच्या जागी धोक्याच्या पूर्वसूचनेची गुणपद्धत आणावी. ब्रिटनमध्ये २०१२ पासून अशी राष्ट्रीय पद्धत आहे आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. त्यात मिनिटाला २५ किंवा अधिक श्वासांना एकट्यालाच तीन गुण मिळतात, आणि एकूण गुण पाच झाले की डॉक्टरांनी तातडीने रुग्ण पाहणे बंधनकारक होते, सात झाले की अतिदक्षता पथक येते. आपल्याकडे पथक नसेल, पण किती गुणांवर कोणाला फोन करायचा आणि किती मिनिटांत त्यांनी यायचे, हे लिहून ठेवायला काय हरकत आहे? रात्री सिस्टरचा फोन आल्यावर "सकाळी राउंडला बघू" असे म्हणण्याची सोय त्याने संपेल. एका पाळीत सर्वांचे श्वास मोजणे अशक्य असेल तर किमान अत्यवस्थ रुग्णांचे पूर्ण मिनिट मोजावेत आणि उरलेल्या रकान्यात न मोजलेला आकडा लिहू नये. तो रकाना रिकामा सोडण्याची मुभा परिचारिकेला असावी.

ओव्हर अत्यवस्थ रुग्णांपासून सुरू व्हावी आणि त्यांच्या खाटा सिस्टरांच्या टेबलाजवळ, ऑक्सिजन पॉइंटला लागून असाव्यात. रेफर करताना सिलिंडरमधील ऑक्सिजन आणि प्रवासाचा वेळ यांचा हिशेब रेफर चिठ्ठीवर लिहावा. अपघात विभागात केसपेपर नंतर काढण्याचा आदेश खिडकीवर मोठ्या अक्षरांत लावावा. रिक्त पदे भरण्याविषयी मी फक्त एवढेच मागते की, रात्रपाळीला एकट्या परिचारिकेकडे किती रुग्ण दिले जातील याची कमाल मर्यादा लेखी जाहीर करावी आणि ती ओलांडली जाईल त्या प्रत्येक रात्रीचा अहवाल दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे जावा.

यांपैकी आदेशांच्या, ओव्हरच्या, केसपेपरच्या आणि ट्रॉली उघडी ठेवण्याच्या मागण्यांना निधी लागत नाही. त्या एका परिपत्रकाने उद्यापासून लागू होऊ शकतात. सक्शनची रबरे, फ्लोमीटर आणि चाव्या रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक पातळीवर घेता येतात. डेटा एंट्री ऑपरेटर आणि पदभरती यांना वेळ लागेल, हे समजते. कापसाची फवारणी जोरात येते ती ऑगस्टपासून, आणि सापाचे रुग्ण त्याआधीच, पाऊस सुरू झाला की येऊ लागतात. निधी न लागणाऱ्या मागण्यांवरील निर्णय जूनपूर्वी आणि यंत्रांबाबतचा निर्णय जुलैअखेरपर्यंत व्हावा, आणि जी मागणी अमान्य असेल तिचे कारण लेखी स्वरूपात जाहीर करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका